सातबारा घेऊन स्वित्झर्लंडला

वाचकाचं पत्र:

"ताई, नमस्कार. मी औसा तालुक्यातली निवृत्त जिल्हा परिषद शिक्षिका. गेल्या जूनमध्ये सेवा संपली. पेन्शन महिन्याला 38,000 येते. आमचे मालक शेती करतात. 14 एकर आहे, सोयाबीन, तूर आणि थोडा ऊस. आयकराचं विवरणपत्र त्यांनी आजवर कधी भरलेलं नाही. येत्या मे महिन्यात आम्हा दोघांना पॅरिस, स्वित्झर्लंड आणि इटली बघायची आहे. लेकरांना भूगोलात आल्प्स शिकवण्यात जन्म गेला, एकदा डोळ्यांनी बघावा एवढीच इच्छा. एक एजंट म्हणाला, शेतकऱ्याला युरोपचा व्हिसा मिळत नाही. मालकांना एखाद्या दुकानात भागीदार दाखवू, मागची विवरणपत्रं एकदम भरू, आणि तुम्ही खात्यात आठ-दहा लाख महिनाभर फिरवून घ्या. मुलगा म्हणतो, सगळेच असं करतात. मालक म्हणतात, खोटं बोलून जायचं असेल तर मला तो डोंगर बघायचा नाही. त्यात आमचं लग्न 1988 चं. 1993 च्या भूकंपात घर पडलं, लग्नाचा एकही कागद हाताशी नाही. आम्ही जावं का? जायचं तर कसं?"

ताई, नमस्कार.

तुमच्या मालकांचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्यांचं बरोबर आहे, आणि खोटं बोलायची इथे गरजही नाही. तुम्ही जरूर जा.

शेतकऱ्याला युरोपचा व्हिसा मिळत नाही, हे साफ चूक आहे. शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या, नियमांत धंद्याची अशी कुठलीच अट नाही. अर्ज तपासणाऱ्याला मुख्यतः दोन गोष्टींची खात्री हवी असते. हा माणूस सांगतोय त्याच कामासाठी आणि झेपेल एवढ्या खर्चात येतोय का, आणि मुदत संपायच्या आत घरी परतेल का. दुसऱ्या प्रश्नाला तुमच्याकडे जेवढं भक्कम उत्तर आहे तेवढं शहरातल्या नव्या नोकरदार पोराकडेही नसतं. वाडवडिलांची जमीन आहे, पेरणी तोंडावर आहे, दर महिन्याला येणारी पेन्शन आहे. यापेक्षा घट्ट मुळं कुणाची असतात?

अडचण आहे ती वेगळीच. तुमचा अर्ज ज्याच्या टेबलावर जाणार, त्याने आयुष्यात मोंढा, म्हणजे आपला धान्याचा बाजार, पाहिलेला नाही. पट्टी, आठ-अ, नवं-जुनं हे शब्द त्याच्या कानावर कधी पडलेले नाहीत. पगारदाराचं खातं तो मिनिटभरात वाचतो, कारण दर महिन्याला तीच रक्कम त्याच सुमाराला जमा होते. शेतकऱ्याच्या खात्यात चार-सहा महिने काहीच हालचाल नसते आणि एके दिवशी एकदम दीड-दोन लाख येतात. ते त्याला कुणाकडून तरी मागून आणल्यासारखे दिसतात. तेव्हा पैसे वाढवून दाखवायच्या मागे लागू नका. आहेत ते त्याला कळतील असे मांडा, तुमचं काम तेवढंच. मी बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीच जालना आणि परभणी जिल्ह्यातल्या शाखांत. ही खाती मी जवळून पाहिली आहेत, म्हणून हे पोटतिडकीने सांगते.

पैसे फिरवण्याबद्दल आधी बोलते, कारण त्याचा फटका मी स्वतः खाल्लाय. निवृत्तीनंतर 2018 साली मी पहिल्यांदा अर्ज केला. माझी पेन्शन आणि ठेवी प्रवासाला पुरेशा होत्या. तरी भावाने काळजीपोटी अर्जाच्या पंधरा दिवस आधी माझ्या खात्यात तीन लाख टाकले, खातं जरा वजनदार दिसावं म्हणून. मी त्याला अडवलं नाही. नकार आला. सोबतच्या छापील कागदावर, निर्वाहाच्या पुरेशा साधनांचा पुरावा नाही, या रकान्यासमोर खूण होती. त्या वेळी फी 60 युरो होती, ती गेली. विमानाच्या तिकिटाचे पैसेही बरेचसे बुडाले. चार महिन्यांनी भावाचे पैसे परत करून, फक्त माझी पेन्शन, माझ्या ठेवींच्या पावत्या आणि एक पानी पत्र घेऊन त्याच देशाकडे पुन्हा अर्ज केला. व्हिसा मिळाला. खात्यात तेव्हा आधीपेक्षा तीन लाख कमी होते.

दुकानात भागीदार दाखवायची सूचना याहून घातक आहे. खोटा कागद सापडला तर तेवढ्याच कारणावर अर्ज नाकारता येतो. शिवाय तुमचा अर्ज, बोटांचे ठसे आणि झालेला निर्णय युरोपच्या व्हिसा माहिती यंत्रणेत पाच वर्षांपर्यंत राहतो आणि शेंगेनमधल्या 29 देशांपैकी कुठल्याही देशाच्या वकिलातीला तो पाहता येतो. एकाकडे खोटं बोलून दुसऱ्याकडे साळसूदपणे जाता येत नाही. मागची विवरणपत्रं एकदम भरली तर पावतीवर भरल्याची तारीख छापलेली असते. अर्जाआधी आठवडाभर भरलेलं विवरणपत्र पाहून कुणालाही शंका येणारच. "व्हिसाची गॅरंटी" देणाऱ्या माणसावर तर मुळीच विसंबू नका. मुंबईत किंवा पुण्यात जे व्हीएफएससारखं केंद्र असतं, ते फक्त कागद आणि ठसे गोळा करतं. निर्णय वकिलातीचा असतो आणि त्यात एजंटाचा काडीचाही हात नसतो.

आता खरोखर किती पैसे लागतात ते बघू. स्वित्झर्लंड स्वखर्चाने येणाऱ्या प्रवाशाकडून माणशी दिवसाला 100 फ्रँक एवढी सोय अपेक्षित धरतं. तुमचा प्रवास अकरा दिवसांचा धरला तर दोघांचे 2,200 फ्रँक होतात, म्हणजे आजच्या दराने अडीच लाखांच्या आसपास. विमानाचा खर्च वेगळा. आठ-दहा लाख फिरवायचा सल्ला कुठून आला, मला कळत नाही. प्रवासाचा सगळा खर्च भागून मागे घर चालवण्यापुरतं खात्यात उरतंय, एवढं दिसलं म्हणजे झालं. तुमच्या निवृत्तीच्या रकमेची मुदत ठेव असेल तर तिची पावती जोडा. ती मोडायची गरज नाही.

अर्ज कधी करायचा, हे शेतकऱ्यासाठी फार महत्त्वाचं आहे आणि एजंट यावर एक शब्द बोलत नाहीत. नियमाने प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते पंधरा दिवस आधीपर्यंत अर्ज करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरतात, कधी पंचेचाळीसही लागू शकतात. तुम्ही 5 मे ला निघणार असाल तर फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज द्या. का ते सांगते. वकिलाती खात्याचा तीन ते सहा महिन्यांचा उतारा मागतात, तुम्ही सरळ सहा महिन्यांचा द्या. फेब्रुवारीत काढलेल्या उताऱ्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरचे सोयाबीनचे पैसे दिसतील, कारखान्याचं उसाचं बिल दिसेल, तूर लवकर विकली तर तीही दिसेल. मालकांचं वर्षभराचं उत्पन्न त्या चार पानांत उतरलेलं असेल. हाच उतारा जूनपासून नोव्हेंबरपर्यंतचा घेतला तर पहिले चार महिने नुसता खत-बियाण्यांचा खर्च दिसतो.

दुसरं कारण पीककर्जाचं. मार्चअखेर आपल्याकडे कर्ज नवं-जुनं होतं. शाखेत मी हे दरवर्षी पाहिलंय. शेतकरी कुठून तरी दोन लाख उभे करतो, सकाळी कर्ज भरतो, आणि दोन-चार दिवसांत तेवढंच किंवा थोडं वाढीव कर्ज पुन्हा खात्यात पडतं. बँकेला आणि शेतकऱ्याला यात वावगं काही वाटत नाही. पण परक्या माणसाच्या नजरेने तेच पान वाचा. एका आठवड्यात दोन लाख अचानक आले, लगेच गेले, पुन्हा दोन लाख आले. पैसे फिरवणाऱ्याचं खातं नेमकं असंच दिसतं! फेब्रुवारीत अर्ज केला की ही नोंद उताऱ्यात येतच नाही. काही कारणाने एप्रिल उजाडलाच, तर ती नोंद पिवळ्या रंगाने खूण करा आणि पत्रात दोन ओळी लिहा, की हे शेतीचं वार्षिक कर्ज आहे, दरवर्षी मार्चमध्ये फेडून नवं घेतलं जातं. सोबत गेल्या वर्षीच्या मार्चचं पान जोडा, म्हणजे दरवर्षीचाच रिवाज आहे हे दिसेल. कर्ज लपवू नका. वेळेवर फेडलेलं कर्ज ही तुमची पत आहे.

मालकांची जिल्हा बँकेत आणि दुसऱ्या एखाद्या बँकेत अशी दोन खाती असतील, तर दोन्हींचे उतारे द्या, प्रत्येक पानावर शाखेचा शिक्का आणि सही घेऊन. पासबुकाची झेरॉक्स पुरेशी नाही.

शेतीचे कागद असे लावा. सातबारा आणि आठ-अ, म्हणजे खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा, ऑनलाइन, डिजिटल स्वाक्षरीचे काढा. सातबाऱ्याला 15 रुपये लागतात. त्यांचं इंग्रजी भाषांतर करून ते नोटरीकडून प्रमाणित करून घ्या. भाषांतराच्या माथ्यावर ठळक अक्षरांत "रेकॉर्ड ऑफ राइट्स" लिहिलेलं असावं, नुसतं "सेव्हन-ट्वेल्व्ह" म्हटलं तर तिकडे कुणाला अर्थ लागायचा नाही. क्षेत्र सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्येच असतं, पत्रातही तसंच ठेवा. 14 एकर म्हणजे 5 हेक्टर 67 आरच्या आसपास. युरोपात हेक्टरच चालतं. फ्रान्सच्या किंवा स्वित्झर्लंडच्या माणसाला साडेपाच हेक्टरचा शेतकरी म्हणजे काय ते लगेच कळतं.

मग आडत्याच्या पट्ट्या, म्हणजे मोंढ्यात माल विकून देणाऱ्या दलालाने दिलेल्या विक्रीच्या पावत्या. प्रत्येक पट्टीवर तारीख, वजन, भाव आणि हातात आलेली रक्कम असते. उताऱ्यातल्या त्या तारखेच्या जमा रकमेसमोर पेन्सिलीने पट्टीचा नंबर टाका: पट्टी एक, पट्टी दोन. तपासणाऱ्याला बोट ठेवून बघता यावं. काही माल रोखीने विकला असेल आणि पैसे खात्यात भरलेच नसतील, तर ते उत्पन्न अर्जात धरू नका. तूर विकताना मात्र आडत्याला सांगा की रक्कम खात्यावरच टाका. उसाचं बिल कारखान्याकडून थेट खात्यात येतं, ती पावतीही त्याच क्रमात लावा.

तहसीलचा उत्पन्नाचा दाखला बरेच जण जोडतात. त्यात एक धोका आहे. घरात मुलांच्या फीसाठी काढलेला जुना दाखला पडलेला असतो, त्यावरचा आकडा आणि पट्ट्यांची बेरीज यांचा मेळ लागत नाही. जोडायचा असेल तर नवा काढा, खऱ्या आकड्याचा. नाहीतर जोडूच नका.

विवरणपत्र नाही म्हणून घाबरू नका. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही आणि मालकांचं दुसरं उत्पन्न नसेल तर ते भरायचं बंधनही नाही. पत्रात हे एका वाक्यात लिहा. पुढच्या जुलैपासून मात्र त्यांना भरायला लावा. करमुक्त उत्पन्नही विवरणपत्रात दाखवता येतं. शेतीचं उत्पन्न 5,000 रुपयांच्या वर असेल तर साधा एक नंबरचा फॉर्म चालत नाही, दोन नंबरचा लागतो. पुढच्या प्रवासाला ते उपयोगी पडेल. तुमची स्वतःची गेल्या दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं असतीलच, ती जोडा.

तुमची बाजू सोपी आहे. पेन्शनचा आदेश, ज्याला आपण पीपीओ म्हणतो, त्याची प्रत आणि पेन्शनच्या खात्याचा उतारा. गेल्या सहा महिन्यांत उपदानाची (ग्रॅच्युइटीची) किंवा भविष्य निर्वाह निधीची मोठी रक्कम आली असेल तर तिचा मंजुरी आदेश सोबत लावा, कारण तीही एकरकमी जमाच दिसते. आणि खर्चाची मुख्य जबाबदारी तुम्ही घ्या. दरमहा 38,000 हे कुठल्याही देशाच्या माणसाला चटकन समजणारं उत्पन्न आहे. पत्नी पेन्शनर, पती शेतकरी, खर्च दोघांचा मिळून, असं स्वच्छ लिहा. नवऱ्याचा खर्च बायको करते हे लिहायला आपल्याकडे संकोच वाटतो. तो बाजूला ठेवा.

या सगळ्याला बांधणारं असतं ते पत्र, कव्हरिंग लेटर. एकच पान पुरे. भारी इंग्रजी नको, मुलाकडून साध्या वाक्यांत उतरवून घ्या. त्यात काय असावं ते मराठीत सांगते:

"आम्ही पती-पत्नी 5 ते 15 मे या काळात फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटलीला पर्यटनासाठी जात आहोत. मी जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका असून मला दरमहा पेन्शन मिळते. माझे पती साडेपाच हेक्टर जमीन स्वतः कसतात. आमची पिकं ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात विकली जातात, म्हणून खात्यात याच महिन्यांत मोठ्या रकमा दिसतात. सोबतच्या पट्ट्या त्यांच्याच आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात पावसाबरोबर पेरणी सुरू होते. त्याआधी मशागत आणि बियाण्यांची तयारी करायची असल्याने आम्ही 16 मे रोजी घरी परतणार आहोत."

मृगाच्या आत शेतकऱ्याने घरी असायलाच हवं, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. त्यांना ते सांगावं लागतं. तुम्ही परत येणार याचा हाच सगळ्यात खरा पुरावा आहे.

अर्ज कुणाकडे करायचा? जिथे सगळ्यात जास्त रात्री मुक्काम, त्या देशाकडे. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. पॅरिसला तीन, स्वित्झर्लंडला चार, इटलीला तीन असा बेत असेल तर अर्ज स्वित्झर्लंडचा. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे एकाच व्हिसावर तिन्ही देश होतात. अमुक देश लवकर देतो म्हणून त्याच्या नावावर खोटे मुक्काम दाखवू नका. वाटेत लंडन करून येऊ असं कुणी सुचवेल, तर ब्रिटनचा व्हिसा संपूर्ण वेगळा असतो. पहिल्या खेपेला तो व्याप नकोच.

तिकीट व्हिसाच्या आधी पक्कं घेऊ नका. आरक्षण पुरतं, किंवा पैसे परत मिळणारं तिकीट घ्या. हॉटेलंही रद्द करता येतील अशीच घ्या, पण निकाल लागेपर्यंत खरोखर रद्द करू नका. सगळ्या रात्रींचा हिशोब लागला पाहिजे, मधली एकही रात्र मोकळी सुटता कामा नये. टूर कंपनीबरोबर गेलात तर हे सगळं ते करतील. पहिल्यांदाच जाताय, दोघांचीही पन्नाशी उलटली आहे, तर त्यात कमीपणा नाही. मात्र उतारे, पट्ट्या, सातबारा तेव्हाही तुम्हालाच द्यावे लागतात.

प्रवास विमा किमान 30,000 युरोचा हवा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, आजारपणात मायदेशी आणण्याचा खर्च धरणारा. तारखा पाळा. परतीच्या तारखेच्या पुढे दोन दिवस जास्तीचे घ्या, विमान चुकलं तरी विमा चालू राहतो.

लग्नाच्या कागदाची चिंता तुम्ही उगाच करताय. दोघांच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर जोडीदाराचं नाव असेल तर नातं तिथेच सिद्ध होतं. नसेल, किंवा वकिलातीने तरी दाखला मागितलाच, तर झालेल्या लग्नाची नोंद उशिरानेही करता येते. ग्रामसेवकाला भेटा. 30 सप्टेंबर 1993 च्या त्या पहाटे किल्लारी-औसा पट्ट्यातल्या किती घरांचे कागद ढिगाऱ्यात गेले, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यासाठी कुणी तुमचा व्हिसा अडवणार नाही.

जन्मस्थळाचा घोळ मात्र तपासा. लातूर जिल्हा 16 ऑगस्ट 1982 ला झाला, त्याआधी औसा उस्मानाबाद जिल्ह्यात होता आणि उस्मानाबादचं नाव आता धाराशिव आहे. एकाच माणसाच्या तीन कागदांवर तीन नावं असू शकतात. अर्जात पासपोर्टवर आहे तेच अक्षर न् अक्षर उतरवा आणि फरक असेल तर पत्रात एक ओळ टाका. सातबाऱ्यावर मालकांचं नाव घरगुती किंवा अर्धंच असेल, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून घ्या. जन्मतारीख मास्तरांनी लिहिलेली 1 जून असेल तरी हरकत नाही, सगळीकडे तीच असली म्हणजे बास. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने मुदत असलेला आणि दोन कोरी पानं असलेला हवा.

फोटो 35 बाय 45 मिलिमीटरचा, पांढऱ्या पडद्यावरचा, सहा महिन्यांच्या आतला. फोटोवाल्याला "शेंगेनचा" असं सांगा. मालकांची टोपी आणि तुमच्या डोक्यावरचा पदर तेवढ्यापुरता खाली.

फी सध्या माणशी 90 युरो आहे, 11 जून 2024 पासून. रुपयांत नऊ हजारांच्या वर जाते, शिवाय केंद्राचं सेवाशुल्क. नकार आला तर ती परत मिळत नाही. भेटीची वेळ केंद्राच्या वेबसाइटवरून मुलाला घ्यायला सांगा, डिसेंबरपासूनच बघत राहा. उन्हाळी सुट्टीमुळे मार्चपासून तारखा मिळेनाशा होतात. मुंबईची वेळ मिळाली तर सकाळी अकराच्या पुढची घ्या, म्हणजे रात्रीच्या लातूर-मुंबई गाडीने उतरून आंघोळ, चहा करून निवांत पोचता येईल. तिथे मुलाखत घेत नाहीत, कागद तपासून घेतात. हिंदी चालतं. पुढे वकिलातीने बोलावलंच तर जे पत्रात आहे तेच सांगायचं.

आणि बोटं. हे मी मुद्दाम सविस्तर सांगते. केंद्रात दहाही बोटांचे ठसे काचेवर घेतात. माझ्या पुढच्या खिडकीवर एकदा एक शेतकरी आजोबा उभे होते. उजव्या हाताची चार बोटं काचेवर ठेवली की यंत्र लाल दिवा दाखवी. विळा-खुरप्याने रेषा झिजलेल्या, बोटांच्या पेरांना भेगा, त्यांत काळी माती बसलेली. तिथल्या मुलीने ओला टिश्यू दिला, बोटं दाबून धरली, सहाव्या वेळेला यंत्राने घेतलं. तोवर ते आजोबा घामाघूम. आपलं काही चुकलं असं त्यांना वाटत होतं. रेशनच्या यंत्रावर तुमच्या मालकांचाही कधी अंगठा उठला नसेल, तर आतापासून रोज रात्री हाताला खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळून झोपायला सांगा. अर्जाच्या आधीचा आठवडाभर भेगा पडतील असं काम नको. आणि तिथे सहा वेळा करावं लागलं तरी लाज वाटून घ्यायची नाही. ठसे घेणं अगदीच अशक्य असेल तर नियमांत त्यालाही सूट आहे. एकदा घेतलेले ठसे 59 महिने चालतात.

पासपोर्ट परत आला की घरी पोचायच्या आधीच व्हिसाच्या स्टिकरवरचं नाव, पासपोर्ट नंबर, तारखा आणि दिवस वाचा. काही चूक असेल तर तेव्हाच सांगता येते. विमानात हॉटेल, विमा आणि परतीच्या तिकिटाच्या प्रती हातातल्या पिशवीत ठेवा, कारण उतरल्यावर अधिकारी पुन्हा विचारू शकतात. 12 ऑक्टोबर 2025 पासून तिकडे पासपोर्टवर शिक्के मारण्याऐवजी संगणकावर नोंद घ्यायची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, तिथे चेहऱ्याचा फोटो काढतात. पॅरिसला उतरताना घाई करू नका.

नकार आलाच, तर सोबतच्या कागदावर कारणाची खूण असते. त्यावर अपीलही करता येतं, पण कागदात उणीव होती असं दिसलं तर ती भरून नव्याने अर्ज करणं मला जास्त बरं वाटतं. त्यासाठी ठरावीक काळ थांबायची सक्ती नाही. मालकांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर नकार त्यांच्या मनाला लागेल.

या आठवड्यात एवढं करा. आडत्याकडे जाऊन ऑक्टोबरपासूनच्या सगळ्या पट्ट्यांची दुसरी प्रत, शिक्का मारून, मागून घ्या. तुरीची आवक सुरू झाली की मोंढ्यात कुणाला जुनी वही उघडायला वेळ नसतो.